घरच्या नंबरचं कार्ड

१

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. धंदा आग विझवायच्या सिलिंडरचा आणि माणूस असा, यावर ऑफिसात पुरेसे विनोद होऊन गेले आहेत. शेजारच्या टेबलावर चहा आधी पोचला तरी माझ्या पोटात दुखतं. हे वयाबरोबर कमी होईल असं वाटायचं, पण झालं नाही.

बावीस वर्षं मी दुकानं, शाळा, गोदामं, छापखाने असा फिरून ते लाल सिलिंडर विकतोय. बाकीच्यांची गिऱ्हाइकं त्यांच्या फोनमध्ये असतात. माझी पत्र्याच्या पेटीत आहेत. पेटीत पुठ्ठ्याच्या एकतीस पाट्या, एक ते एकतीस तारखांच्या, आणि त्यांच्या मागे बारा महिन्यांच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, सिलिंडर किती, रिफिल कधी. मागच्या बाजूला माणूस: गुडघा कुठला दुखतो, मुलगी कुठे दिलीय, कशावर हसतो, कुठल्या भावाचं नाव काढायचं नाही. रोज सकाळी आजच्या पाटीमागची कार्डं काढायची, फोन करायचे, मागे दोन ओळी लिहायच्या आणि पुन्हा ज्या दिवशी बोलायचं त्या तारखेमागे कार्ड सरकवायचं. याहून जास्त काही नाही. यावर माझं घर चाललं आणि मुलगा शिकायला बाहेरगावी गेला.

त्या सकाळी पहिलं कार्ड हार्डवेअरवाल्यांचं होतं. मी फोन लावला.

"नमस्कार शेठ, कसं काय चाललंय?"

"अहो, तासापूर्वी तर बोललो आपण!" ते हसले. "काही सांगायचं राहिलं का?"

मी तोंड उघडायच्या आत ते पुढे म्हणाले, "बाकी हाताचं विचारलंत, बरं वाटलं हो. प्लास्टर काढल्यापासून घरच्यांनीसुद्धा विचारलं नाही. ते आठ नगांचे कागद पाठवून द्या, सही करून टाकतो."

तीन वर्षं हा माणूस मला 'बघू' म्हणत होता. मी फोन ठेवला आणि कार्ड उलटलं. शेवटची ओळ होती, "प्लास्टर काढलं. बोटं अजून आखडतात. आधी हात, मग सिलिंडर." अक्षर माझंच होतं. मी घाईत लिहितो, माझ्या शिरोरेषा मध्येच तुटतात. ही ओळ मात्र मन लावून काढलेली होती. लिहिली असेन आणि विसरलो असेन, असं मी ठरवून टाकलं. फक्त त्यांच्या हाताला प्लास्टर होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

२

पुढच्या दोन आठवड्यांत असं नऊ वेळा झालं. मुख्याध्यापिका बाईंनी चौदा नगांची ऑर्डर दिली आणि वर म्हणाल्या, "तुम्ही काल ज्या आपुलकीने बोललात ना, तसं हल्ली कुणी बोलत नाही." छापखानेवाल्यांनी आपल्या साडूचा नंबर दिला. प्रत्येक कार्डावर ती नीटस ओळ. माझ्या फोनमध्ये मात्र त्या वेळी केलेला एकही कॉल नव्हता. ऑफिसचा फोन सगळ्यांचा, त्यावरून कोण काय बोललं याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "या वयात गाडी रुळावर आली बरं का तुमची!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुक माझं चाललं होतं आणि जळफळाटही माझाच होत होता. माझं काम कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं करत होतं आणि वर त्याचा हार माझ्या गळ्यात पडत होता.

कुणीतरी म्हणजे कोण, याबद्दल मला शंका नव्हती. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक तरुण आलाय. मी त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणतो. खिडकीजवळचं टेबल त्याला मिळालं, जे मी अकरा वर्षं मागत होतो. तो नकला करतो, आणि उत्तम करतो. ऑफिसच्या कौटुंबिक मेळाव्यात त्याने माझी नक्कल केली होती. माझा फोनवरचा आवाज, घसा खाकरणं, 'बरं, ठीक' म्हणून विषय बंद करणं. माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगदी तुम्हीच हो!" घरी जाताना ती म्हणाली. तिला तसं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, याचा हिशोब मी रस्ताभर करत होतो. त्याने तिला हसवलं म्हणून त्याच्यावर जळावं की ती हसली म्हणून तिच्यावर, हे मला ठरवता आलं नाही. मग मी दोघांवरही जळलो.

आवाज काढता येतो, अक्षरही काढता येत असेल. पण तो हे माझ्यासाठी का करेल? त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. आधी माझी माणसं गोड करून ठेवायची आणि एक दिवस सगळी स्वतःकडे ओढून घ्यायची. मी पेटी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावायला लागलो. किल्ली गळ्यात अडकवली. ओळी तरीही येत राहिल्या.

३

मग मी चोर पकडायला एक खोटं कार्ड करायचं ठरवलं.

नाव ठोकून दिलं, दुकान ठोकून दिलं. नंबर मात्र खरा हवा होता, म्हणजे फोन आला की कळेल. घरचा नंबर टाकला. आमच्या घरी अजून तो जुना फोन आहे, दुपारी त्यावर सहसा कुणाचा फोन येत नाही. मग कार्ड उलटलं, कारण मागची बाजू कोरी असलेलं कार्ड माझ्या पेटीत शोभलं नसतं. चोराला वास आला असता.

माणूस कल्पनेतून लिहिता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पेन टेकवून मी बराच वेळ बसलो आणि मग जे समोर होतं ते लिहीत गेलो. "बाई घरी असतात. दुपारी तीननंतर शिवणयंत्रावर बसतात. पाठ धरते, डावीकडून. आई गेल्याला सहा वर्षं झाली, विषय काढला की बोलतात. गात असत. हल्ली नाही. कुणी विचारत नाही."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी ते वाचलं. कान तापले. खोडावं असं वाटलं, पण माझ्या कार्डांवर मी खाडाखोड करत नाही. कार्ड बारा तारखेच्या पाटीमागे सरकवलं, म्हणजे येत्या मंगळवारी. ड्रॉवरला कुलूप लावलं.

घरी बायकोला एवढंच सांगितलं, "मंगळवारी दुपारी कुणाचा फोन आला तर आवाज नीट ऐकून ठेव."

"कुणाचा?"

"तेच कळायचंय."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कपड्यात टाचण्या खोचायला लागली. का, कशासाठी, हे विचारायची सवय आमच्या घरातून कधी गेली कोण जाणे.

४

मंगळवारी मी जागचा हललो नाही. गोडबोल्या माझ्यासमोर, दहा पावलांवर. तीन वाजता तो एका कॅटलॉगच्या पानांना स्टेपल मारत होता. सव्वातीनला स्टेपल अडकली आणि तो ती नखाने काढत बसला. साडेतीनला त्याने जांभई दिली. फोनला त्याने हात लावला नाही. ऑफिसचा फोनही रिकामाच होता, त्यावर माझी नजर होती. किल्ली माझ्या छातीला टोचत होती.

पाच वाजेपर्यंत मला हलकं वाटायला लागलं. फोन गेलाच नाही म्हणजे सगळे माझ्याच मनाचे खेळ. डॉक्टरांना दाखवू, गोळी घेऊ, संपलं.

घराचा जिना चढताना मला गाणं ऐकू आलं. रेडिओ नव्हता, ती गात होती. मी दार उघडलं तसं ते थांबलं.

"फोन आला होता?"

"हो," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तुमचाच की. काय हो, आधी मला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. तुम्ही कधी फोन करता का दुपारी? आणि अर्धा तास!"

"काय बोललो मी?"

"आता चेष्टा पुरे. पाठीचं विचारलंत, उशी कुठे ठेवायची ते सांगितलंत. मग आईचा विषय निघाला." ती जराशी लाजली. पंचेचाळीस वर्षांची बाई माझ्यासमोर लाजली आणि ती माझ्यासाठी लाजत नव्हती. "गाणं म्हणायला लावलंत. फोनवर! रेडिओवरच्या बाईसारखी म्हणतच राहिले मी."

मी हातपाय धुवायला आत गेलो आणि नळ सोडून तसाच उभा राहिलो. बाहेर ती पुन्हा गुणगुणायला लागली होती. ते गाणं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं.

बुधवारी सकाळी कुलूप उघडलं. बारा तारखेमागे ते कार्ड नव्हतं, चौदामागे होतं. मी लिहिलेल्या ओळींखाली सुबक अक्षरात नवी ओळ होती: "बोललो. आधी गप्प, मग मोकळ्या झाल्या. गातात. पुढे: गुरुवार."

५

मी ते कार्ड फाडलं. चार तुकडे ऑफिसच्या टोपलीत, चार रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकले. गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो तर तिने केस वेगळे बांधले होते.

"तुम्हीच म्हणालात ना असे बरे दिसतात म्हणून," ती म्हणाली.

शुक्रवारी मी गोडबोल्याला जिन्यात गाठलं. राग इतका साठला होता की माझा आवाज चिरकला. "माझ्या घरी फोन करतोस?"

त्याचं तोंड उघडं राहिलं. "तुमच्या घरी? दादा, मी कशाला करू?"

"माझा आवाज कोण काढतं? मी काढतो?"

"ती नक्कल मी बंद केली, दादा. खरंच." तो एक पायरी खाली उतरला. "परवा तुम्ही खाली गेटपाशी माझ्याशी इतकं छान बोललात, त्यानंतर मलाच लाज वाटली. माझ्या बाबांच्या ऑपरेशनचं विचारलंत. खिडकीजवळच्या टेबलाचं मनात काही ठेवू नकोस म्हणालात. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, की दादांच्या मनातली अढी गेली."

"परवा किती वाजता?"

"अकरा असतील."

परवा अकरा वाजता मी टेबलाशी बसून त्या कार्डाचे तुकडे करत होतो. त्याच्या बाबांचं ऑपरेशन झालंय, हेही मला आत्ताच कळत होतं. पोरगा माझ्याकडे डोळे भरून पाहत होता, म्हणजे माझ्याकडे पाहत होता आणि गेटपाशी भेटलेल्या त्या माणसाला शोधत होता. दोन वर्षं मी याच्यावर जळलो, ते सगळं त्या क्षणी फुकट गेल्यासारखं वाटलं. जळायला दुसराच माणूस होता आणि त्याला तोंड माझंच होतं.

"बरं, ठीक," मी म्हणालो आणि वर आलो.

६

मग मी त्या दुसऱ्याशी शर्यत लावली. लावू नये ती लावली. शनिवारी लवकर घरी गेलो आणि दारातच म्हणालो, "पाठ कशी आहे?"

"सकाळी विचारलंत की," ती हसून म्हणाली.

"सकाळी मी आंघोळीला होतो."

"तेव्हाच. आतून हाक मारून विचारलंत."

तिच्या आईचा फोटो काढून पुसला, तर म्हणाली, काल तुम्ही फोनवर म्हणालात तसा त्याला नवी चौकट करू या. सिनेमाला जाऊ म्हटलं, तर कुठला ते आधीच ठरलेलं होतं. माझ्या तोंडून जे निघे ते शिळं असे. घरात मी आलो की तिची नजर आधी आनंदाने वर यायची आणि मग थोडी खाली उतरायची. मी काही वेगळं करत नव्हतो, रोज करतो तेच करत होतो. आता तिच्याकडे ताडून पाहायला दुसरं काही होतं, इतकंच.

मला गप्प बसता आलं असतं. दोन माणसांचं श्रेय एकाच्या नावावर जमा होत होतं आणि तो एक मी होतो. शहाणा माणूस गप्प बसला असता. पण ती भात वाढता वाढता गुणगुणत होती आणि ते मला सहन झालं नाही.

"ते फोन मी केलेले नाहीत," मी म्हणालो.

"पुरे हो."

"तुझी शपथ. गुरुवारचाही नाही आणि मंगळवारचाही. तुझ्या पाठीचं मला सुचलंच नसतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझं खोटं तिला लगेच कळतं, आणि खरंही. तिने भाताचं भांडं हळूच खाली ठेवलं. ती घाबरेल, शेजारी धावेल, मला घट्ट धरेल, असं काहीतरी मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तिने मला धरावं म्हणूनच मी ते बोललो होतो.

"आंघोळीतून हाक मारली तेव्हा?" तिने विचारलं.

"ती मी नाही मारली."

पाण्याचा थेंब नळातून पडत होता. तिने ताटाबाहेर सांडलेली शितं बोटाने गोळा केली.

"मग," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका."

७

गुरुवारी, एकवीस तारखेला, मी पाटीमागची कार्डं काढली. सहा होती. सहावं कोरंकरकरीत, नव्या पुठ्ठ्याचं. पुढच्या बाजूला नाव नाही, दुकान नाही, फक्त घरचा नंबर आणि घरचा पत्ता. मागे एकच ओळ: "प्रत्यक्ष भेट. दुपारी तीन."

आमच्या धंद्यात ही पुढची पायरी आहे. फोनवर माणूस मोकळा झाला की मग दारात जायचं.

अडीचला मी कुणाला न सांगता निघालो. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, दुकानं उघडी होती, न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. अशा दुपारी काही विपरीत घडत नसतं, असं मी स्वतःला बजावत चाललो. पोचलो तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. मी वेळेआधी पोचलो होतो, याचा मला कोण आनंद झाला. जिन्याच्या पहिल्या वळणावर शिवणयंत्राचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या वळणावर तो थांबला.

आणि मग मला माझा आवाज ऐकू आला.

शब्द कळत नव्हते. दारातून गाळून आलेली नुसती चाल होती, सावकाश, मध्येच थांबणारी. तो थांबायचा तेव्हा ती बोलायची. मी बोलताना थांबत नाही, मला ते जमत नाही. ती काहीतरी लांबलचक सांगत होती आणि तो एकदाही मध्ये बोलला नाही. मग ती हसली. मेळाव्यात हसली होती त्याहून हळू आणि जास्त वेळ.

किल्ली माझ्या गळ्यात होती ती ड्रॉवरची. घराची खिशात होती. ती काढून मी कुलपात घातली, पण दाराला आतून साखळी होती. दार चार बोटं उघडलं आणि अडलं.

आतलं बोलणं थांबलं. खुर्ची सरकली, ती उठून आली. फटीत आधी तिचा चेहरा दिसला आणि तिच्या खांद्यावरून खोलीची एक उभी पट्टी. शिवणयंत्र. त्यावर निम्मा शिवलेला निळा कपडा. दोन कप. खिडकीजवळच्या खुर्चीची पाठ आमच्याकडे होती. खुर्चीच्या हातावर एक हात ठेवलेला होता. बाही मी दुमडतो तशीच दोनदा दुमडलेली. मनगटावर घड्याळाखाली ऊन न लागलेल्या कातडीचा पांढरा पट्टा होता, घड्याळ नव्हतं. ते माझ्या हातात होतं. तो हात अजिबात हलत नव्हता. त्याला घाई नव्हती. तिचं दारातलं काम आटोपेपर्यंत तो थांबून राहिला होता.

"साखळी काढ," मी म्हणालो. "अगं, मी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिने मला ओळखलं होतं. त्याबद्दल मला आजही शंका नाही. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसे चेहरे मी बावीस वर्षं दारोदार पाहिले आहेत. रागावलेले नसतात, वाईटही नसतात. घरात माणसं असतात, गप्पा रंगलेल्या असतात आणि दारात हा उभा असतो.

"आत्ता नका येऊ," ती अगदी हळू म्हणाली, आत ऐकू जाऊ नये अशी. "आत्ता जरा छान चाललंय."

आणि तिने दार लावलं, आवाज होऊ नये म्हणून कडीवर बोट धरून.

मी "बरं" म्हणालो.